मिएझो

सांता लुचियाच्या धक्क्यावर माझ्या बापाला
आनिएल्लो असं कुणीच म्हणायचं नाही.
मिएझो म्हणायचे. मिएझो म्हणजे अर्धा.
जुळ्यातला उरलेला तो.
दुसरा बाप्तिस्म्याच्या पाण्याआधीच गेला,
नाव नाही, दगड नाही,
आणि त्यांची आई जन्मभर सांगत राहिली :
देवानं एकच दिला होता मला,
खाली येताना तो दुभंगला.

बापाला याचं वाईट वाटायचं नाही.
पोळीचा शेवटचा तुकडा उचलताना
तो हसून म्हणायचा, मी तर अर्धाच, मला चालतं.

त्या वर्षी बागेतल्या पांढऱ्या इमारतीत
उत्तरेकडचे लोक आले होते,
काचेच्या टाक्या नि पितळी नळ्या घेऊन.
ते समुद्रातले काटेरी गोळे डझनावर विकत घ्यायचे
आणि खायचे नाहीत.
लिंबू पिळून खायची चीज, आणि हे लोक
तिच्याकडे बघत बसायचे!
धक्क्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

बादली मी धरायचे. नऊ वर्षांची होते.
बोटांत मोडलेले काटे आई रात्री सुईनं काढायची.
गोळे घ्यायला यायचा वेंडेलिन कास्पारी,
संध्याकाळी भेटला तरी 'सुप्रभात' म्हणणारा,
बाहीवर शाई, बुटांत वाळू.
एप्रिलमधल्या एका दिवशी त्यानं आम्हाला आत बोलावलं.

आधी मी पाहिलं.
दिव्याखाली एक गोल, मोत्याहून फिका,
त्याच्या मधोमध कुणी अदृश्य दोरा आवळत होतं.
आवळत गेलं, आवळत गेलं,
आणि एकाचे दोन झाले, गाल गालाला लावून.
आवाज झाला नाही.
एवढी मोठी गोष्ट, आणि आवाज नाही.

मग कास्पारीनं ती नळी मुठीत धरली
आणि हलवली, जोरात,
दारूच्या गुत्त्यात फासे हलवतात तशी.
आता हे सुटे झाले, तो म्हणाला.
माझे गुरुजी म्हणतात, अर्ध्यातून अर्धंच निघेल :
अर्धं तोंड, अर्धं पोट.
उद्या या.

बाप रात्री जाळं विणायला बसला
आणि तीच गाठ तीनदा सोडवली.

सकाळी ते पोहत होते.
दोघंही.
लहान होते, नेहमीपेक्षा लहान, पण गोल,
पुरते गोल, भिंगरीसारखे फिरणारे.
कास्पारी खुर्चीवर चढला, उतरला,
स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडला,
आणि त्यानं माझ्या कपाळाचा मुका घेतला.
मिशीला तंबाखूचा वास होता.

बाप भिंगावरून डोळा काढेना.
बऱ्याच वेळानं विचारलं :
यातला खरा कोणता? पहिला?
कास्पारी म्हणाला, पहिला कुणीच नाही.
अर्धा?
अर्धाही कुणी नाही.

मला वाटलं, आता बाप हसेल.
धक्क्यावर जाऊन छाती ठोकून सांगेल,
ऐका रे, मी अख्खा आहे!
पण तो तिथंच उभा राहिला, टोपी चुरगाळत,
आणि इतक्या हळू बोलला की
कास्पारीला ते कळलंच नाही. मला कळलं.
'म्हणजे जो गेला,
तोही अख्खाच गेला.'

परतताना त्यानं बादली माझ्याकडून घेतली.
खारट वारा होता, डोळे कुणाचेही झोंबले असते.

दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी,
तो भावासाठी मेणबत्तीचं थोटूक लावायचा,
कुणाच्यातरी उरलेल्या मेणबत्तीचं.
त्या वर्षी दुकानातून नवी आणली, हातभर लांब.
आई पैशांवरून कुरकुरली.
तो म्हणाला, असू दे.
ती रात्रभर जळली आणि सकाळीही बोटभर उरली होती.

लोक त्याला मिएझोच म्हणत राहिले.
तोही ओ देत राहिला.
पोळीचा शेवटचा तुकडा मात्र
त्यानंतर ताटात तसाच पडून असायचा.

आणि कास्पारी जूनमध्ये निघून गेला,
तीन डझनांचे पैसे न देता.